ताटाच्या कडेचा खडा

भातात खडा लागला असं यशोधराला वाटलं. रेशनच्या तांदळात खडे निघायचेच, पण हा तांदूळ तिने स्वतः खिडकीत बसून निवडला होता, दाणा न दाणा बोटाने सारत, कारण सातपूरच्या त्या एका खोलीत दुपारचं दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तिला आधी स्वतःचाच राग आला. एवढंही धड जमत नाही आपल्याला. तिने तो खडा जिभेच्या शेंड्यावर आणला, दोन बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा घास घेतला. आणखी थोडं जेवण झाल्यावर जीभ सवयीने डावीकडे मागे गेली आणि तिथेच थबकली. तिथे नेहमीचं काहीतरी नव्हतं. होती ती एक धारदार कड, आणि कडेच्या आत खोल, ओलसर पोकळी. तिने ताटाकडे पाहिलं. खडा पिवळट होता, एका बाजूने काळा, आतून पोखरलेला. म्हणजे आपल्याच दाढेचा अर्धा तुकडा कडेला ठेवून आपण वर डाळभात जेवत होतो. गंमत म्हणजे दुखलं काहीच नाही. दुखलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. निदान आपलंच काहीतरी गेलं हे आपल्या शरीराला तरी कळलं, एवढं समाधान मिळालं असतं.

दुखून दुखून झालेली दाढ होती ती. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती चांदवडजवळच्या सासरच्या गावी राहायला गेली तेव्हाच, कांदे काढणीच्या दिवसांत, ही दाढ पहिल्यांदा ठणकली होती. नव्या सुनेने काय दुखतं म्हणून सांगावं याचे घरोघरी ठरलेले कायदे असतात. पोटात दुखतं म्हटलं की बायकांचे डोळे चमकतात, डोकं दुखतं म्हटलं की पोरगी कामचुकार ठरते, आणि दाढ दुखते म्हटलं तर कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. पण शकुबाईने, तिच्या सासूने, बघितलं. कमरेची चंची सोडून तिने एक पत्र्याची डबी काढली, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी मशेरी चिमटीत घेतली आणि म्हणाली, "दाढ व्हय? ती काय दुखनं हाय का! आ कर. ही लाव अन् गप बस घटकाभर." तोंड भाजल्यासारखं झालं, डोकं गरगरलं, यशोधराने कांद्याच्या चाळीचा खांब धरला. शकुबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "पहिल्यांदा असंच व्हतं. मंग गोड लागंल." आणि खरंच ठणका गेला. दाढ बरी झाली असं दोघींनीही धरलं. सासूला वाटलं, सुनेला आपण बरं केलं. सुनेला वाटलं, या घरात आपल्याला हातातून हातात अशी एक तरी गोष्ट मिळाली. सातपूरला बिऱ्हाड केलं तेव्हा शकुबाईने भांड्यांच्या पोत्यात तशीच एक डबी घालून दिली. मग सकाळी, मग दुपारी, मग भिकन सेकंड शिफ्टला गेला की सांजवेळी, यशोधरा मोरीच्या कठड्यावर बसून बोटाने मशेरी लावायची. तेवढा वेळ कुणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटायचं. दाढ आतल्या आत झिजत होती, आणि ही म्हणत होती, बरं झालं बाई.

तिच्या बापाला हे कळलं असतं तर तो या बिऱ्हाडाची पायरी चढला नसता. सहादू नाशिकरोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये हमाल होता, बौद्ध वस्तीतला पहिल्या फळीचा माणूस. दीक्षेनंतर जन्मली म्हणून लेकीचं नाव यशोधरा ठेवलं, आणि तिला कुणी यशी म्हटलं की चिडायचा. एका जयंतीला त्याने वस्तीतल्या साऱ्या बायकांना मशेरी सोडायची शपथ घ्यायला लावली. डब्या गोळा केल्या आणि सगळ्यांदेखत गटारात फेकल्या. यशोधराची आई, लताबाई, पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवसापासून तिची मशेरी हळदीच्या डब्यात राहायला लागली. बापाने डब्या तपासल्या. बायकांच्या तोंडात काय चाललंय ते बघायचं त्याला सुचलं नाही. सुचणार तरी कसं? त्याच्या सभेत बायका तोंडावर पदर घेऊनच बसायच्या.

आई मात्र तोंड उघडून दाखवायची. तेही फक्त पोरांना, आणि घरात दुसरं कुणी नसलं की. तिच्या हिरडीत खिंडी होत्या आणि प्रत्येक खिंडीला तिने नाव दिलं होतं. "हा तुझा," ती खालच्या बाजूला बोट लावून यशोधराला सांगायची. "तू पोटात होतीस तेव्हा गेला. हा तुझ्या भावाचा, आनंदचा. आणि हा त्या बाळाचा, जे राहिलं नाही." तक्रार नसायची, उलट दागिना दाखवावा तसं दाखवायची. आपल्या नावाच्या खिंडीत करंगळी घालून पाहिल्याचं यशोधराला आठवत होतं. मऊ, गरम, मशेरीच्या वासाची जागा. आणि तेव्हाच कधीतरी मनात आलं होतं, की आपण यायच्या आधी आईचं तोंड भरलेलं होतं. नंतर एकदा वालदेवी नदीच्या पात्रात खेळताना तिला दातासारखा पांढराशुभ्र खडा सापडला. ती धावत घरी आली आणि भाकरी थापत बसलेल्या आईच्या तोंडात तो बसवायला लागली. आई हसता हसता लोळली. खडा तिने ठेवून घेतला, हळदीच्या डब्यात. पुढे तो कुठे गेला कुणास ठाऊक. लग्नाच्या आदल्या वर्षी आई गेली, तेव्हा बायकांनी तिचा जबडा पांढऱ्या फडक्याने डोक्यावर गाठ मारून बांधला होता. दाढ दुखणाऱ्या माणसाला बांधतात तसाच. यशोधराला रडू येत नव्हतं. ती एवढंच म्हणत होती मनात, की आता ते तोंड कुणी उघडणार नाही आणि आपली परतफेड राहून गेली.

भिकनला तिने एकदा विचारलं होतं, दाढ दाखवून येऊ का म्हणून. भिकन वाईट नव्हता. कारखान्यात तो पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. त्या दणक्यांनी त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता आणि उजवाही वाटेला लागला होता, त्यामुळे तो मोठ्यांदा बोलायचा आणि हळू बोललेलं त्याच्यापर्यंत पोचायचंच नाही. तीन भावंडं जगली नाहीत म्हणून, हे तरी जगावं यासाठी शकुबाईने पाच घरी पदर पसरून भीक मागितली ते हे पोर, म्हणून नाव भिकन. अशा आईला नातवंडाची घाई का असते हे यशोधराला समजत होतं, तिला त्याचा रागही येत नव्हता. "एकदा पोरगं होऊ दे," भिकन म्हणाला होता, "मंग सगळं एकदमच बघू." कारखान्यात मशीन बंद पडली की सगळे भाग एकदमच उघडतात, तसं. दोन वर्षं सगळ्यांचं लक्ष तिच्या पोटावर होतं. शकुबाई आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, "काय गं, काय हाय का नाय?" काढे झाले, सरकारी दवाखाना झाला, कुणी काय खायचं सांगितलं, कुणी कसं झोपायचं. जे खायचं ते चावणार कशाने, हे काही कुणाच्या मनात आलं नाही. आणि तिला तर एकच हवं होतं, की पोर यायच्या आधी तोंड नीट करून घ्यावं. त्याच्या नावावर आपल्या तोंडातलं काहीही मांडलं जाऊ नये. आपल्यासारखं त्याला कधी आईच्या तोंडात बोट घालून अपराध्यासारखं वाटू नये.

पण आता ताटाच्या कडेला तो तुकडा पडलेला, आणि दुसरी एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही अर्धवटच सांगितली होती. पाळी पुढे गेली होती. सकाळी मशेरीचा वास घेतला की मळमळत होतं. हे घरात कळलं की काय होईल ते तिला पाठ होतं. शकुबाई पहिल्या एसटीने येऊन ठाण मांडेल. पोटुशी बाईच्या तोंडात लोखंड घालू देणार नाही. दाढ सडेल, पडेल, आणि मग शकुबाईच वस्तीत कौतुकाने सांगेल, पहिल्याच खेपेला पोराने दाढ घेतली बघा. तिने जेवण अर्धवट सोडलं. जोवर कुणाला कळलं नाही तोवर ते आलेलंच नाही, असा हिशेब तिने मनाशी बसवला. हिशेब खोटा होता हे तिलाही कळत होतं. पण त्यात एक दिवसाची जागा होती.

दुसऱ्या दिवशी भिकन फर्स्ट शिफ्टला गेला आणि ती बसने सीबीएसच्या स्टँडवर उतरली. रविवार कारंजाच्या बाजूला एका कापडदुकानाच्या माडीवर दाताच्या डॉक्टरची पाटी होती. पाटीवर नुसतीच कवळी रंगवलेली, ओठ नाहीत, चेहरा नाही, हसते आहे. लहानपणी बापाच्या सायकलवरून जाताना ती या पाटीला भ्यायची. आता त्याच पाटीखालचा जिना चढताना तिला वाटलं, हिला कुणी विचारत नसेल, काय हाय का नाय.

बाकावर एक डोंगराकडची बाई बसली होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, हातभर काचेच्या बांगड्या, मांडीवर गाठोडं. शेजारी तिचा नवरा गाल धरून, तोंडात कापसाचा बोळा दाबून. "सुरगाण्याच्या," बाईने न विचारताच सांगितलं. "इथं बांधकामावर आलूं. मी मंगलाबाई. हा झिपरू, माझा दादला. दाढ काढली आताच. असा वरडला, खाली दुकानातलं लोक वर बघाया आलं." झिपरू बोळ्यामागून काहीतरी पुटपुटला. "बोलू नको, रगत येल," तिने दटावलं आणि आपल्या पदराने त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली. किती सहज पुसली. यशोधरा बघत राहिली. दोन वर्षांत भिकनच्या तोंडाला तिने कधी असा हात लावला नव्हता, त्याने तिच्या लावला नव्हता. लावण्याचा प्रसंगच आला नव्हता. एका खोलीत राहून तोंडं आपापली होती.

डॉक्टर पन्नाशीचे, घाईत असल्यासारखे. खुर्चीत बसवून त्यांनी पायाने दट्ट्या दाबत तिला वर वर उचललं. दिवा तोंडावर आला. "पदर काढा तोंडावरचा," ते म्हणाले, तेव्हा तिला कळलं की पदर धरलेला आपला हात अजून तोंडावरच आहे. मग ती आरसा लावलेली थंड काडी आत फिरली आणि यशोधराला एकदम हुंदका येतोय असं वाटलं. दुखलं नव्हतं. आत कुणीतरी बघत होतं, एवढंच. इतकी वर्षं झाकलेल्या घरात कुणी परकं माणूस कंदील घेऊन शिरावं आणि लाज वाटायच्या ऐवजी बरं वाटावं, तसं झालं.

"मशेरी लावता?"

नाही म्हणायची तिला सवय होती. बापाला, भावाला, सातपूरच्या शेजारणींना. "हो," ती म्हणाली.

"त्यानेच तुम्हाला कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर ही भरता आली असती. आता मुळाशी पू आहे, काढावीच लागेल." हात धुता धुता, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "लग्न झालंय ना? पाळी वेळेवर आहे? दाढेचा एक्स-रे फोटो काढायचा म्हणून विचारतो."

हाच प्रश्न दोन वर्षं ती ऐकत होती. आज पहिल्यांदा तो कुणी तिच्यासाठी विचारला होता, पोरासाठी नाही. खोटं बोललं तर सगळं सोपं होतं. दिवा तिच्या डोळ्यांत होता आणि खाली रस्त्यावर कुणीतरी टांग्याच्या घोड्यावर खेकसत होतं. "पुढे गेलीय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की भिकनला ऐकूच आला नसता. डॉक्टरांना आला. त्यांनी नळ बंद केला.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे मलाच आधी सांगितलंत." ते थोडे ओशाळून हसले. "अहो, मी दातांचा डॉक्टर. पेढे मला कशाला!" मग गंभीर झाले. फोटो नको म्हणाले. पण भुलीचं इंजेक्शन देऊन दाढ काढायला हरकत नाही, उलट हा पू अंगात ठेवण्यातच धोका जास्त. इंजेक्शनने पोटातल्याला काही होत नाही. आणि मशेरी आजपासून बंद. "पण एकट्या बाईची दाढ मी काढत नाही. अशा दिवसांत चक्कर आली तर काय करायचं? मिस्टरांना घेऊन या, नाहीतर सासूबाईंना. उद्या या."

उद्या. उद्या म्हणजे सांगून. सांगून म्हणजे कधीच नाही. ती खुर्चीतून उतरेना. तिला कोण होतं? भाऊ आनंद कल्याणला, बाप आई गेल्यापासून कुणातच नसल्यासारखा. शेजारणींना सांगावं तर दुपारपर्यंत चांदवडला पोचेल. एवढ्या मोठ्या नाशकात आपल्याजवळ घटकाभर बसेल असं एक माणूस तिला आठवेना, आणि हे कळणं दाढेपेक्षा जास्त दुखलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंड उघडं ठेवून रडायची तिला सवय नव्हती. ते फार वाईट दिसत असणार.

दारातला पडदा सरकला. मंगलाबाईने मान आत घातली. बोलणं सगळं बाकापर्यंत ऐकू गेलं होतं. "दाक्तर, मी हाय ना तिचे संगं."

"तुम्ही कोण हिच्या?"

"मावशी," मंगलाबाई म्हणाली, आणि डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. यशोधराची नायलॉनची साडी, तिचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कदाचित जेवायची वेळ झाली असेल. मंगलाबाई गाठोडं झिपरूच्या मांडीवर टाकून आत आली आणि तिने यशोधराचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे तळवे चुन्या-सिमेंटने इतके खरखरीत झाले होते की इंजेक्शनची सुई टोचली तेव्हा यशोधराला आधी तेच टोचले असं वाटलं. "वरड," ती म्हणत होती. "वरडलं तरी चालंल. आमचा तं पुरुष असून वरडला." यशोधरा ओरडली नाही. कानाच्या आत, हाडात, ओलं लाकूड पिळवटावं तसा आवाज होत राहिला, आणि त्या आवाजात तिला आईचं तोंड आठवत होतं. आईच्या वेळी कुणी हात धरला होता का? की दात असेच, भाकरी खाता खाता, ताटाच्या कडेला जाऊन बसले होते?

खाली उतरल्यावर मंगलाबाईने विचारलं, "घरचा मानूस वाईट हाय का?" यशोधराने मान हलवली, नाही. "मंग सांग त्याला. आज सांग." झिपरूने गाठोडं डोक्यावर घेतलं होतं. तो आणि यशोधरा, दोघंही गाल सुजलेली, एकमेकांकडे बघून हसायला गेली आणि बोळ्यामुळे कुणालाच जमलं नाही. मग ती नवराबायको स्टँडच्या गर्दीत गेली. मंगलाबाई पुढे, तो मागे, आणि ती वळून वळून त्याला काहीतरी बोलत होती. यशोधरा ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. तिने त्या बाईला आपलं नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

घरी आली तेव्हा भिकन शिफ्टवरून येऊन खाटेवर पडला होता, भिंतीकडे तोंड, डावा कान वर. म्हणजे त्याला ऐकू येणारा कान उशीत. "कुठं गेलती?" त्याने न वळता विचारलं. बोळा काढून तिने बोलायचा प्रयत्न केला. अर्धा ओठ बधिर होता, शब्द ओघळून गेले. त्याने चादर ओढून घेतली. रुसली असंल, असंच त्याला वाटलं असणार. थोड्या वेळाने त्याचा श्वास लांब झाला. तिने मशेरीची डबी मोरीत उपडी केली. काळं पाणी गोल फिरून गेलं आणि त्या वासाने तिला भडभडून आलं. शकुबाईचा पाठीवरून फिरणारा हात त्या पाण्यातून चालल्यासारखं वाटलं. ती कठड्यावर बसली. आता सांजवेळी कुणी शेजारी बसल्यासारखं वाटणार नव्हतं.

मग तिने भिंतीवरचा आरसा काढून खिडकीत धरला आणि तोंड उघडलं. लाल, खोल, स्वच्छ खळगा. किती तरी वेळ ती बघत राहिली. कधीतरी एक छोटं बोट इथे येईल. ओलं, मातीचं, चौकस. आणि विचारेल. तेव्हा काय सांगायचं ते तिने आत्ताच म्हणून पाहिलं. बधिर ओठाने, सावकाश, एकेक शब्द नीट लावत, आणि मोठ्यांदा, कारण हळू बोलायचा तिला आज कंटाळा आला होता.

"ही तुझी नाही. ही माझी."

खाट करकरली. भिकन कोपरावर उठून बसला होता, झोपेने तारवटलेला. "कोनाशी बोलती?" तो ओरडून म्हणाला, आणि त्याने खोलीभर नजर फिरवली. "घरात तं आपन दोघंच."